बोध अपुरा

हे सारं घडलं २०३८ साली. इचलकरंजीतले शेवटचे धोट्याचे माग त्या वर्षी भंगारात निघाले. साल नीट सांगून ठेवलेलं बरं, कारण सरकारी अहवालात ते ‘जागृतीवर्ष’ म्हणून नोंदलेलं आहे आणि अहवाल वाचून मोठी होणारी माणसं उद्या तेच खरं मानून बसतील.

वैजयंता रावसो म्हेत्रे, साऱ्या गल्लीची वैजाक्का, तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. विणून आलेल्या कापडातले दोष काढायचं काम ती तीस वर्षं करत आली होती. या कामाला तिथं मेंडिंग म्हणतात. काचेचं टेबल, त्याखाली दिवा, वरून कापडाचा तागा ओढायचा. कुठं तार तुटलेली, कुठं गाठ राहिलेली, कुठं दोन धागे एकात गुंतलेले. दिसलं की चिमट्यानं उचलायचं, सुईनं भरायचं. टेबलाच्या पलीकडच्या अंगाला हसीना मुजावर बसायची. दोघींची तोंडं आणि हात एकाच वेगानं चालत. वैजाक्काचा डोळा असा होता की, ओढत्या ताग्यात एक तार कमी असली तरी तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि मगच हात थांबायचा.

तिचा नवरा रावसो चौतीस वर्षं मागावर होता. सुताची भुकटी त्यानं इतकी गिळली होती की हसीना म्हणायची, ‘भावजींस्नी पिळलं तर एक लुंगी निघंल.’ तो हसायचा आणि हसता हसता खोकायचा. पुढं पुढं हसणं मागं पडलं आणि खोकलाच उरला.

विमा म्हणजे काय हे या घराला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणेल, तर त्यानं जुन्या गोष्टी ऐकाव्यात. वैजाक्का सून होऊन आली त्या काळात गरिबांना अंगठा लावून एक चकचकीत कार्ड मिळालं होतं. सासूनं ते देव्हाऱ्यात ठेवलं. दर खंडेनवमीला धोटा, फणी, कात्री यांच्याबरोबर त्या कार्डालाही हळदकुंकू लागायचं. सासूच्या पोटात गाठ झाली तेव्हा तेच कार्ड पदराला पुसून दवाखान्यात नेलं. ‘यंत्र बंद आहे, उद्या या,’ असं तीन उद्या ऐकलं. चौथ्या दिवशी सासूच उरली नाही. पुढं कार्डांचे रंग बदलले, नावं बदलली, वरचे फोटो बदलले. घरात अशी सात कार्डं होती. त्यातलं एकही चाललं नव्हतं.

आणि वर्तमानपत्रांत मात्र दरवर्षी छापून यायचं: असंघटित कामगारांमध्ये आरोग्य विम्याबद्दल जागृतीचा अभाव.

जागृतीचा अभाव! किती देखणा शब्द. दार आतून बंद करायचं आणि बाहेरच्याला दार ठोठावायचं कळत नाही म्हणून हळहळायचं.

या हळहळीतूनच बोधमापक जन्माला आला.

यंत्र लबाड नव्हतं, हे कबूल करायलाच हवं. त्यामागचं शास्त्र जुनं आणि पक्कं होतं. ‘मी चहात साखर घातली’ हे वाक्य ऐकताना मेंदू शांत असतो. ‘मी चहात खिळे घातले’ असं ऐकलं की ‘खिळे’ हा शब्द कानावर पडल्यापासून सेकंदाच्या चार-दशांश भागात मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. ती दाबता येत नाही, मुद्दाम आणता येत नाही. मेंदू पुढच्या शब्दाची आधीच वाट पाहत असतो. भलताच शब्द आला की दचकतो. हे शास्त्रज्ञांना गेल्या शतकापासून माहीत होतं. नवं एवढंच की ती लाट पकडायला आता डोक्यावर तारांची टोपी लागत नव्हती. कानाला लावायचा एक काप पुरत होता.

त्यावरून कुणा हुशार माणसाला सुचलं की, माणसाला आरोग्य विम्याची योजना समजली आहे का हे त्याच्या मेंदूलाच विचारावं. बारा वाक्यं ऐकवायची, काही खरी, काही खोटी. योजना समजली असेल तर खोट्या वाक्याला मेंदू दचकेल आणि खऱ्याला गप्प राहील. लिहायला-वाचायला नको, परीक्षेची भीती नको. विद्यापीठातल्या मुलांवर आणि मंत्रालयातल्या कर्मचाऱ्यांवर यंत्र तपासलं. शंभरातल्या सत्त्याण्णवांचा निकाल बरोबर आला. मग नियम झाला. पूर्वी अडाणी माणसांचे अंगठे घेऊन त्यांच्या नावावर खोटी बिलं काढली जात. म्हणून यापुढे ज्याला योजना खरोखर समजली आहे, त्याचंच कार्ड सुरू होईल. बारापैकी दहा वाक्यं बरोबर आली तर दाखला. तीन वेळा नापास झालं तर नव्वद दिवस थांबायचं.

ऐकायला किती न्यायाचं वाटतं!

फेब्रुवारीत यंत्र चौंडेश्वरीच्या देवळाच्या मंडपात आलं. ते चालवायला जी बोधसेविका नेमली होती, ती वैजाक्काचीच लेक, वेदिका. तेवीस वर्षांची, पदवीधर, अंगात निळं जाकीट. घराण्यातली ही पहिली मुलगी, जी कापडाला हात न लावता कमावणार होती. नेमणुकीपूर्वी तिचीही चाचणी झाली होती, बारापैकी बारा.

‘आई, काप हलवू नको. नुसतं ऐकायचं,’ ती म्हणाली.

‘आणि बोलायचं काय?’

‘काही नाही. तुझा मेंदूच सांगतो.’

‘बरं झालं,’ रांगेतून हसीना ओरडली, ‘जलमभर त्याला कुणी इचारलंच न्हवतं!’

मंडप हसला. वैजाक्का डोळे मिटून बसली. कानात एक गोड बाई शुद्ध मराठीत बोलू लागली. योजना कुणासाठी आहे, कुटुंबात कोण कोण येतं, कोणते आजार आहेत. मग आवाज संपला, यंत्रातून एक चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर बारा चौकटी. चुकलेल्या वाक्यांच्या जागी भोकं. खाली छापलेलं: म्हेत्रे वैजयंता. बोध अपुरा.

रावसोचंही तेच. हसीनाचंही तेच. त्या आठवड्यात गल्लीतल्या सत्तर जणांपैकी एकसष्ट जण अपुरे निघाले.

गल्ली ती. दोन दिवसांत त्याची थट्टा झाली. ‘काय अपुरे, जेवलासा काय?’ ‘व्हय की, पण पोट अपुरंच ऱ्हायलं.’ रावसो पारावर बसला की पोरं विचारायची, ‘मामा, ऊन पडलंय, समजलं काय?’ तोही म्हणायचा, ‘कागद आल्याबिगर न्हाई सांगता येत बाबा.’

वेदिकाला मात्र ही थट्टा झोंबली. तिच्या हाताखालची गल्ली नापास होणं म्हणजे तिचंच नापास होणं होतं. तिनं बापाला धडे द्यायला घेतले. सकाळी चहाबरोबर प्रश्न.

‘आप्पा, दवाखान्यात कार्ड दाखवलं की पुढं काय?’

‘आदी डिपॉझिट मागायचं न्हाई. भरती करून घ्यायचं.’

‘औषधं?’

‘आतच मिळायची. फुकाट.’

‘घरी जाताना?’

‘गाडीभाडं द्यायचं. आगं, मला समदं पाठ हाय. पांडुरंगाच्या आरतीवानी पाठ हाय.’

मार्चमध्ये तो दुसऱ्यांदा बसला. पुन्हा बारापैकी नऊ. पुन्हा अपुरा.

वेदिकाचा संयम सुटला. ‘तुम्हाला समजूनच घ्यायचं नाहीये आप्पा! तोंडानं पोपटासारखं बोलता आणि मनात भलतंच. यंत्राला फसवता येत नाही.’

रावसो उठून बाहेर गेला. उंबऱ्यापासून पारापर्यंत वीस पावलं, पण त्याला दोनदा थांबावं लागलं.

‘बापाला पोपट म्हनतीस?’ वैजाक्का म्हणाली. ‘त्येच्या छातीतली भुकटी हाय तुझ्या पुस्तकांत. ध्येनात ठेव.’

‘मग त्यांनी मनापासून ऐकायला नको का? मी काय खोटं शिकवतेय?’

पोरगी खोटं शिकवत नव्हती हे खरं होतं. नवरा खोटं बोलत नव्हता हेही खरं होतं. दोन्ही खरं असताना मधलं कापड असं फाटतं कसं, हे तिला उलगडेना.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी रावसोचे ओठ निळे पडले. रिक्षात घालून मायलेकींनी त्याला गावाबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. योजनेच्या यादीत या रुग्णालयाचं नाव होतं, दारावर योजनेचा फलक होता, फलकावर हसणारं कुटुंब होतं.

काउंटरवरच्या माणसानं पडद्यावर पाहिलं. ‘कार्ड आहे, पण सुरू नाही. बोध अपुरा.’

‘मी स्वतः बोधसेविका आहे,’ वेदिका म्हणाली. अंगातलं निळं जाकीट तिनं पुढं ओढून दाखवलं. ‘मी सांगते ना, यांना सगळं माहीत आहे. तुम्ही विचारून बघा.’

‘मग दाखल्यात तसं यायला हवं होतं, मॅडम. दाखला तुम्हीच काढता.’ तो माणूस वाईट नव्हता, त्याचा आवाजही चढला नाही. ‘आधी डिपॉझिट भरा, मग पाहू.’

‘डिपॉझिट मागता येत नाही तुम्हाला!’

‘ज्यांचं कार्ड सुरू आहे त्यांना नाही.’

मागच्या रांगेतला एक म्हातारा हमाल पुढं आला. ‘पोरी, माझं कार्ड सुरू हाय,’ तो म्हणाला. ‘तरीबी सकाळी डिपॉझिट घेतलंय. पावती न्हाई दिली.’

वेदिकानं पुढं ओढून धरलेलं जाकीट सोडून दिलं.

बोळातल्या स्ट्रेचरवर तासभर प्राणवायू मिळाला. एका तरुण डॉक्टरणीनं, कुणी बघत नाही असं पाहून, रावसोला तपासलं. फुप्फुसाचे खराब झालेले भाग हवा कोंडून बसले होते आणि चांगल्या भागाला फुगायला जागा देत नव्हते. तिथं बारीक झडपा बसवायच्या. हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. कापाकापी नाही, नळीतून काम. ‘दोन महिन्यांच्या आत झालं तर काका आणखी दहा वर्षं पारावर बसतील,’ ती म्हणाली. ‘योजनेत बसतं हे. दाखला तेवढा आणा.’ पैसे भरून करायचं तर राहतं घर विकूनही भागलं नसतं.

रावसोची तिसरी आणि शेवटची संधी उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेदिका यंत्र घरी घेऊन आली. दार लावलं. चेहरा दगडासारखा.

‘आप्पा, तुम्ही फक्त अंगठा द्या. काप मी माझ्या कानाला लावते.’

‘नोकरी जाईल गं,’ वैजाक्का म्हणाली.

‘जाऊ दे. मला बारापैकी बारा मिळालेत. पाच मिनिटांत दाखला निघेल.’

जन्मभर खोटी तार न खपवून घेतलेली वैजाक्का या खोट्याला तयार झाली. कुणाला त्यात दोष दिसला तर दिसो. रावसोनं अंगठा लावला. वेदिकानं काप स्वतःच्या कानात घातला आणि डोळे मिटले. घरात फक्त रावसोच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती.

चिठ्ठी बाहेर आली. बारापैकी नऊ. म्हेत्रे रावसो. बोध अपुरा. पुढील चाचणी नव्वद दिवसांनी.

वेदिकानं चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. ‘असं होणारच नाही. ही वाक्यं मी रोज ऐकते. मला येतात ती!’ ती आधी यंत्रावर ओरडली, मग एकदम खाली बसली. शेवटची संधी तिनं स्वतःच्या हातानं जाळली होती.

आणि रावसो हसत होता. खोकल्यातून, छाती दाबून धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ‘रडू नगंस,’ तो म्हणाला. ‘काल तू त्या काउंटरवर हुतीस न्हवं? आता तुलाबी समजलं. म्हनून नापास झालीस.’

त्यानं ते गमतीनं म्हटलं होतं. पण वैजाक्काच्या कपाळावर आठी पडली, ओढत्या ताग्यात काही दिसलं की पडायची तशी.

दुपारी ती कामावर गेली खरी, पण हात चालेना. समोरून हसीना म्हणाली, ‘वैजाक्का, ह्यो चौथा तागा. सगळ्यांत एकाच जागी रेघ हाय बघ. भरून भरून बोटं दुखली.’

‘ह्यात कापडाचा काय दोष न्हाई,’ वैजाक्का सवयीनं बोलली. ‘फणीचा दात वाकडा झालाय. एका ताग्यात दोष आसंल तर तागा बघायचा. समद्या ताग्यांत, त्याच जागी आसंल तर माग बघायचा.’

बोलून झालं आणि ती उठलीच. चप्पल न घालता गल्लीत गेली. दारोदार फिरून तिनं चिठ्ठ्या मागितल्या. कुणी डब्यातून काढून दिली, कुणी देवाच्या फोटोमागून. कुणी म्हणालं, ‘भेळ खाल्ली त्यात.’ तासाभरात सत्तेचाळीस गोळा झाल्या. काचेच्या टेबलावर तिनं त्या एकावर एक रचल्या, कडा जुळवल्या आणि खालचा दिवा लावला.

कागदांच्या त्या जाड थरातून उजेडाचे तीन ठिपके आरपार वर आले. चौथं वाक्य, सातवं वाक्य, अकरावं वाक्य. बाकी सगळीकडं काळोख.

‘बया!’ हसीना म्हणाली.

वेदिकाला बोलावलं. तिनं वाक्यं वाचून दाखवली. चौथं: ‘कार्ड दाखवल्यावर रुग्णालय आधी डिपॉझिट मागते.’ हे खोटं वाक्य, मेंदूनं दचकायला हवं. सातवं: ‘सर्व औषधे रुग्णालयातच विनामूल्य मिळतात.’ हे खरं, मेंदूनं गप्प राहायला हवं. अकरावं: ‘रुग्णाला घरी सोडताना प्रवासाचे भाडे दिले जाते.’ हेही खरं.

‘डिपॉझिट मागत्यात म्हनल्यावर त्यात दचकायचं काय?’ हसीनानं विचारलं. ‘आनि गाडीभाडं देत्यात म्हनल्यावर दचकायचं न्हाई? कोन देतंय गं? माझ्या नवऱ्याला सोडलं तवा सलाईनची सुईसुदीक काढून घेतली न्हाई, मी घरात काढली.’

मग सगळं उलगडलं. पास झालेले नऊ जण कोण? सगळे तरुण, दवाखान्याची पायरी न चढलेले. यंत्र समज मोजत नव्हतं, अपेक्षा मोजत होतं. ज्यांच्याशी दवाखाना नियमानं वागला, त्यांच्या मेंदूत नियम आणि जग एकच होतं. ज्यांना जगानं सात कार्डं देऊन सात वेळा परत पाठवलं होतं, त्यांचा मेंदू नियम ऐकून दचकत होता आणि अन्याय ऐकून गप्प राहत होता. रावसोला योजना पाठ होती. त्याला जगही पाठ होतं. त्याच्या शिक्षेचं कारण एवढंच की दोन्हींतलं खरं कोणतं हे तो चौतीस वर्षांत चांगलंच शिकला होता.

वेदिका आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मग उठून तिनं तोंड धुतलं आणि म्हणाली, ‘सोमवारी सहसंचालक येणार आहेत. जागृती सप्ताहाच्या समारोपाला.’

‘येऊ देत की,’ वैजाक्का म्हणाली.

सहसंचालक डॉ. मंदार खानविलकर आले. मंडपात खुर्च्या, हार, समई. ते बरं बोलले. म्हणाले, ‘आपल्यापर्यंत योजना पोचत नाही याचं मला मनापासून दुःख आहे. अडचण एकच आहे, समज. आम्ही आणखी सोप्या भाषेत सांगू. चित्रं काढू, गाणी करू.’

वैजाक्का उठली. हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. ‘साहेब, चित्रं नगोत. एक काम करा. ह्यो काप तुमी कानाला लावा.’

‘मी?’ ते हसले. ‘मी तर ही वाक्यं लिहिणाऱ्या समितीत होतो.’

‘मग भ्या कशाचं?’

लोक हसले. साहेबांनीही हसत काप लावला. यंत्राला सरावासाठी एक सोय होती. कुठलंही वाक्य त्याच्यासमोर बोललं की मेंदूची लाट पडद्यावर दिसायची. वेदिकानं ती सुरू केली आणि पडदा लोकांकडं वळवला. मग ती एकेक वाक्य बोलू लागली.

‘डॉक्टर खानविलकर आजारी पडले आणि त्यांना लगेच खोली मिळाली.’

पडद्यावरची रेघ सपाट.

‘डॉक्टर खानविलकर आजारी पडले आणि चार तास बोळात जमिनीवर बसले.’

रेघ उसळली. पडद्याच्या वरच्या कडेला लागली.

तिनं काप काढून हसीनाच्या कानाला लावला. ‘हसीनामावशी आजारी पडल्या आणि चार तास बोळात जमिनीवर बसल्या.’

रेघ सपाट. पंचगंगेच्या उन्हाळ्यातल्या पाण्यासारखी सपाट.

‘हसीनामावशी आजारी पडल्या आणि त्यांना लगेच खोली मिळाली.’

रेघ उसळली.

‘बघितलंसा?’ वैजाक्का म्हणाली. ‘तुमी दचकला त्याला आमी सरावलोय. आमी दचकतोय ते तुमास्नी रोजचं हाय. मग अपुरं कोन, साहेब? आमाला समजत न्हाई, समजत न्हाई म्हनून माझ्या जलमापास्नं छापताय. आमाला तुमच्यापरीस जास्त समजतंय, ह्योच आमचा गुन्हा हाय. माझा मालक घरात तडफडतोय. त्येला भरती करा. फणी वाकडी तुमची आनि फाडताय आमचा तागा!’

डॉ. खानविलकरांचा चेहरा उतरला होता. ते निर्दय नव्हते. खाली उतरून ते चिठ्ठ्यांपाशी आले, तीन ठिपके त्यांनी उजेडाला धरून पाहिले. ‘हे फार मोलाचं निरीक्षण आहे,’ ते म्हणाले. ‘मी स्वतः समितीपुढं ठेवतो.’

‘आनि मालक?’

‘नव्वद दिवसांची अट माझ्या हातात नाही, ताई. ती यंत्रणेत बसवलेली आहे. पण समिती लवकर…’

‘हातात न्हाई,’ वैजाक्का म्हणाली, ‘तर एवढे हार कशाला घालून घेतलासा?’

समिती लवकर बसली नाही. वेदिका रोज फोन करत होती. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात झडपांसाठी रांग होती, पाच महिन्यांची. रावसो भिंतीला उशी लावून बसूनच झोपायचा. एकदा वेदिकाला म्हणाला, ‘पोपट म्हनालीस ते बरूबर हुतं. पिंजरा कुनाचा ते तेवढं इसरलीस.’ मग तिचा हात धरून बसला. तिसऱ्या चाचणीनंतरच्या एकसष्टाव्या दिवशी, चहा आणायला वैजाक्का आत गेली तेवढ्यात, तो गेला.

डिसेंबरात समितीचा निर्णय आला. दाखल्याची अट काढून टाकली, असं कुणाला वाटेल. तसं नाही. रुग्णालयांनी डिपॉझिट घेणं थांबवावं, असंही कुणी लिहिलं नाही. समितीनं तीन वाक्यं काढून टाकली. चौथं, सातवं, अकरावं. उरलेल्या नऊ वाक्यांवर जुने निकाल पुन्हा मोजले गेले. त्याच महिन्यात राज्यातली जागृती एकतीस टक्क्यांवरून चौऱ्याण्णव टक्क्यांवर गेली, आणि त्या वर्षाला जागृतीवर्ष म्हणायचं ठरलं.

पुढं कुणाचं काय झालं ते सांगून टाकायला हवं.

डॉ. खानविलकरांना बढती मिळाली. त्या तीन ठिपक्यांवर त्यांनी निबंध लिहिला, तो परदेशात वाचला गेला. निबंधात एका ‘स्थानिक महिला कामगारा’चे आभार आहेत, नाव नाही. त्यांनी त्यानंतर नोकरीतून बाहेर पडून अट रद्द व्हावी म्हणून दोनदा अर्ज केले असं म्हणतात. खरं असेलही.

बोधमापक अजून आहे. आता तो शाळांत असतो.

हसीनाचे डोळे गेले. कापडातले दोष कॅमेरे शोधू लागले, ते काम संपलं. ती मिरजेला मुलाकडं असते आणि फोनवर अजून तशीच बोलते.

वेदिकाला निकालात फेरफार केल्याबद्दल काढून टाकलं. निळं जाकीट परत मागितलं, ते तिनं दिलं नाही. रोज सकाळी दहा ते एक ती तेच जाकीट घालून त्या मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरशेजारी उभी राहते. कुणी डिपॉझिट मागितलं की मोठ्यानं विचारते, ‘पावती?’ दोनदा तिला हाकललं, एकदा पोलिसांत नेलं. आता त्या काउंटरवर डिपॉझिट घेत नाहीत. फक्त त्या काउंटरवर, आणि फक्त दहा ते एक.

आणि वैजाक्का. रावसोचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधी टपालानं एक पाकीट आलं. म्हेत्रे रावसो. बोध पुरेसा. जुना निकाल नव्यानं मोजला होता, बारापैकी नऊचा नऊपैकी नऊ झाला होता, आणि दाखला पहिल्या चाचणीच्या तारखेपासून, म्हणजे फेब्रुवारीपासून लागू होता. ज्या दुपारी त्याला बोळात ठेवून परत पाठवलं, त्या दुपारी तो कागदोपत्री पूर्ण पात्र होता.

वैजाक्कानं तो कागद दोनदा वाचून घेतला. धुतलेलं लुगडं नेसली, रिक्षा केली आणि त्या रुग्णालयात गेली. काउंटरवर तोच माणूस होता. तिनं कागद समोर ठेवला.

‘ह्यो माणूस पात्र हाय. भरती करून घ्या.’

त्यानं पडद्यावर पाहिलं. मान हलवली. ‘हो, सुरू आहे कार्ड. पेशंट कुठं आहे?’

‘तेच इचारायला आलोय मी,’ वैजाक्का म्हणाली, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलली नाही.